घर-अंगण : कढीपत्त्यावर आलेले पाहुणे

"कढीपत्त्याची कोवळी पाने कोणीतरी कुरतडून खाते. पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखे काहीतरी दिसते, पण काडी लावली की ते हलते. यावर कोणते औषध मारावे?"

पावसाळा सुरू झाला की हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्या बहुधा मायबहिणीच असतात. ते साहजिकही आहे. फोडणीला रोज चार पाने लागतात. बाजारातून जुडी आणायची म्हटली की पैसे मोजावे लागतात. त्यासाठी डब्यात लावलेले रोप पोराबाळासारखे सांभाळायचे, आंबट ताक घालायचे, आणि पाने धरली की कोणा अळीने ती खाऊन टाकायची! राग येणारच.

पण भगिनींनो, औषधाच्या बाटलीला हात लावण्याआधी आजचा लेख वाचा. कारण पहिली गोष्ट अशी की ते पान उद्या आपल्याच आमटीत पडणार आहे. झुरळांचे, ढेकणांचे किंवा गावाहून आणलेले पिकाचे औषध कढीपत्त्यावर मारणे म्हणजे ते आपल्या आणि मुलांच्या ताटात मारणे होय. आणि दुसरी गोष्ट अशी की ती अळी म्हणजे रोग नव्हे. ते फुलपाखराचे लेकरू आहे.

यावर कोणी म्हणेल, "फुलपाखरे बंगल्याच्या बागेत येतात. आमच्याकडे बाग कुठली?" बाग आहे, बाई. रंगाच्या रिकाम्या डब्यात लिंबाचे रोप आहे ना? फुटक्या बादलीत सदाफुली आहे ना? नळाजवळच्या ओलीत घोळ उगवली आहे ना? मग बाग आहे. फुलपाखरू सातबारा पाहून येत नाही. त्याला हवे ते झाड मिळाले की ते चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतही येते आणि झोपडीच्या दारातही येते. फक्त त्याला ओळखायला शिकले पाहिजे.

ओळखायचे कसे?

मुलांनो, फुलपाखरू पकडू नका. पंखाला बोट लागले की बोटावर जी पूड येते ती म्हणजे त्याच्या पंखावरचे बारीक खवले. घराच्या छपरावर कौले रचावीत तसे ते रचलेले असतात, आणि पंखाचा रंग त्यांच्यामुळेच दिसतो. एकदा गळले की ते पुन्हा येत नाहीत. तेव्हा हात मागे ठेवायचे आणि डोळे पुढे करायचे. स्वतःला पाच प्रश्न विचारायचे.

पहिला : आकार केवढा? रुपयाच्या नाण्याएवढा, आगपेटीएवढा, की तळहाताएवढा? दुसरा : पंख वरून कसे आणि खालून कसे? पुष्कळ फुलपाखरांचे वरचे आणि खालचे रंग अगदी वेगळे असतात. तिसरा : मागच्या पंखाला शेपटी आहे का? चौथा : उडते कसे? जमिनीलगत, संथ, की सुसाट? पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : कोणत्या झाडावर बसले, आणि तिथे काय करत होते?

या पाचव्या प्रश्नाचे मर्म नीट लक्षात घ्या. फुलातला रस पिण्यासाठी फुलपाखरू कोणत्याही फुलावर जाईल. पण अंडी घालताना मादी तसे करत नाही. प्रत्येक जातीच्या अळीला ठरावीक झाडेच चालतात. म्हणून मादी पानावर उतरते, पाय आपटते आणि पायांनीच पानाची चव घेते. पान हवे ते नसेल तर ती उडून जाते. आईने मुलाच्या डब्यासाठी भाजी निवडावी तशी ती पान निवडते. त्यामुळे अंडी घालताना झाड कळले की निम्मी ओळख पटली असे समजा.

कढीपत्ता आणि लिंबू

आता आपल्या मूळ तक्रारीकडे वळू. कढीपत्ता आणि लिंबावर मुख्यतः दोन फुलपाखरे अंडी घालतात. एकाला इंग्रजीत लाइम बटरफ्लाय म्हणतात. मराठीत आपण त्याला लिंबावरचे फुलपाखरू म्हणू. काळ्या पंखांवर पिवळट पांढऱ्या ठिपक्यांची गर्दी, मागच्या पंखाच्या आतल्या कडेला एक लाल ठिपका, आणि शेपटी नाही. ही त्याची खूण. दुसरे कॉमन मॉर्मन. याचा नर काळा असतो आणि मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची एक ओळ असते, जणू काळ्या लुगड्याला पांढरा काठ. याला मात्र शेपटी असते. दोन्ही फुलपाखरे पंख पसरले की तळहाताएवढी भरतात.

मादी कोवळ्या पानावर टाचणीच्या डोक्याएवढे फिकट पिवळे अंडे घालते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते. लहानपणी ही अळी तपकिरी काळपट आणि मध्येच पांढरी असते. हुबेहूब पक्ष्याची विष्ठा! पक्षी पाहतो आणि सोडून देतो. मोठी झाली की ती कात टाकून हिरवी होते आणि पानात मिसळून जाते. तिला काडीने हळूच डिवचले तर डोक्यामागून लालसर, दोन फाट्यांचे शिंग बाहेर येते आणि उग्र वास सुटतो. घाबरू नका. तो फक्त धाक आहे. ही अळी चावत नाही आणि तिच्यामुळे अंगाला खाजही सुटत नाही.

साधारण दोन आठवडे ती खाते. मग खाणे थांबवून एखाद्या काडीला रेशमाच्या धाग्याने स्वतःला बांधून घेते. तोच कोश. आजूबाजूला हिरवे असेल तर कोश बहुधा हिरवा आणि वाळके असेल तर तपकिरी होतो. आठ-दहा दिवसांनी एका सकाळी कोश उकलतो आणि चुरगळलेल्या पंखांचे फुलपाखरू बाहेर येते. पंख वाळेपर्यंत ते तिथेच लटकून राहते. त्या वेळी त्याला हात लावू नये. अंड्यापासून इथपर्यंतचा सारा हिशोब जेमतेम महिन्याभराचा.

मग पाने कशी वाचवायची? रोप वीतभरच असेल तर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा त्यावर बांधावा. म्हणजे मादी अंडे घालू शकणार नाही. रोप कमरेएवढे असेल तर चार-पाच अळ्यांनी ते मरत नाही. अळ्या काडीने उचलून एका फांदीवर ठेवाव्यात आणि बाकीची पाने स्वयंपाकाला वापरावीत. पाणी नीट घातले तर खाल्लेल्या फांदीला पुन्हा पालवी फुटते. जागा असेल तर लिंबाची बी पेरून दुसरे रोप करावे आणि अळ्या तिकडे हलवाव्यात. एक रोप आपले, एक त्यांचे. विष विकत आणण्यापेक्षा हे स्वस्त आहे.

एका आईच्या तीन वेशांतल्या लेकी

कॉमन मॉर्मनच्या मादीची गंमत ऐकण्यासारखी आहे. तिची तीन रूपे आहेत. एक रूप नरासारखेच. बाकीच्या दोन रूपांत पंखांवर लाल ठिपके असतात. एक रूप कॉमन रोझ नावाच्या फुलपाखरासारखे दिसते आणि दुसरे क्रिमझन रोझसारखे. ही रोझ फुलपाखरे सापसंदाच्या जातीच्या वेलींवर वाढतात. त्या वेलींतले विष त्यांच्या अंगात साठते. पक्ष्याने एकदा चोच मारली की तो पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. मॉर्मनच्या मादीच्या अंगात असले विष नाही. तिने फक्त वेश घेतला आहे, आणि त्या वेशाच्या दराऱ्यावर ती जगते.

मग पाहणाऱ्याने ओळखायचे कसे? पंख पाहू नका, अंग पाहा. खऱ्या रोझचे अंग लाल असते. मॉर्मनच्या मादीचे अंग काळेच राहते. कपडे बदलले तरी अंग बदलत नाही.

या सोंगाचा उलगडा करणारा माणूसही जाणून घ्यावा असा आहे. हेन्री वॉल्टर बेट्स हा इंग्लंडमधल्या लीस्टर गावचा. १८२५ सालचा जन्म. तेराव्या वर्षाच्या आसपास शाळा सुटली आणि तो मोजे-बनियनच्या धंद्यात उमेदवारीला लागला. दिवसभर राबायचे आणि रात्री कामगारांसाठी चालणाऱ्या संस्थेच्या वर्गात शिकायचे, असा त्याचा क्रम होता. सुटीच्या वेळी तो रानात जाऊन किडे गोळा करी. पुढे १८४८ साली तो दक्षिण अमेरिकेतल्या अॅमेझॉन नदीच्या खोऱ्यात गेला आणि तिथे अकरा वर्षे राहिला. बिनविषारी फुलपाखरे विषारी फुलपाखरांचा वेश घेऊन जगतात, हे त्याने १८६२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडले. आजही जगभर या प्रकाराला त्याचेच नाव आहे. कामावरून सुटल्यावर उघडलेल्या वहीतून केवढे काम उभे राहते पाहा!

आणि ही गोष्ट तिथेच संपत नाही. मॉर्मनच्या माद्या तीन वेश कशा घेतात, याचे मूळ शोधण्याचे काम आपल्या काळात झाले. २०१४ साली 'नेचर' या नियतकालिकात जो शोधनिबंध आला, त्यात पहिले नाव कृष्णमेघ कुंटे यांचे आहे. मादीचा सारा वेश ठरवण्यामागे मुख्यतः एकच जनुक आहे, असे त्यात दाखवले गेले. ज्या फुलपाखरावर एवढे संशोधन झाले, तेच आपल्या कढीपत्त्याच्या डब्यावर अंडी घालते.

दारातली आणखी काही

रुई : रस्त्याकडेला, पडीक जागेत रुई आपोआप उगवते. तिच्याभोवती संथ उडणारे केशरी फुलपाखरू दिसेल. पुढच्या पंखाचे टोक काळे आणि त्यात पांढरा पट्टा. हे प्लेन टायगर. रुईच्या चिकातले विष त्याच्या अंगात असते, म्हणून त्याला पळायची घाई नसते. त्याची अळी काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांची असते आणि उघड्यावर बसते.

घोळ : आपण जिची भाजी करतो ती घोळ. हिच्यावर डॅनेड एगफ्लाय अंडी घालते. नर काळा, पंखांवर मोठे पांढरे गोल ठिपके आणि त्यांच्या कडेला निळीजांभळी झाक. मादी मात्र प्लेन टायगरचा वेश घेते! फरक बारीक आहे. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मधल्या भागात तीन-चार काळे ठिपके असतात. एगफ्लायच्या मादीला वरच्या कडेला एखादाच असतो. हे ज्या मुलाला पाहताक्षणी ओळखता आले, त्याची नजर तयार झाली म्हणायची. घोळीची भाजी खुडताना एक कोपरा तसाच राहू द्यावा.

कण्हेर : हिच्यावर कॉमन क्रो या तपकिरी काळ्या फुलपाखराची अळी वाढते. पंखांच्या कडेला पांढरे ठिपके असतात. याचा कोश पानाखाली उलटा टांगलेला असतो आणि आरशासारखा रुपेरी सोनेरी चमकतो. मुलांना तो जरूर दाखवा, पण कण्हेरीचे पान किंवा चीक तोंडात जाऊ देऊ नका. ती विषारी आहे. हात लागला तर साबणाने धुवावेत.

टाकळा : पावसाळ्यात ज्याची भाजी करतात तो टाकळा. त्याच्याभोवती आगपेटीएवढी, काळ्या कडेची पिवळी फुलपाखरे जमिनीलगत भिरभिरतात. ती कॉमन ग्रास यलो.

अशोक आणि सीताफळ : सोसायट्यांच्या कुंपणाला उंच सरळ अशोक लावतात. त्याच्या आणि सीताफळाच्या पानांवर टेल्ड जे वाढते. काळ्या पंखांवर पोपटी ठिपके. हे फुलावर बसले तरी पंख फडफडवतच राहते. ही त्याची पक्की खूण.

एरंड : विटकरी तपकिरी पंखांवर नागमोडी काळ्या रेषा असतील आणि ते एरंडाभोवती घोटाळत असेल तर ते कॉमन कॅस्टर.

आंबुटी : कुंडीत आपोआप उगवणारी तीन पानांची आंबट आंबुटी आपण तण म्हणून उपटतो. तिच्यावर रुपयाच्या नाण्याएवढे फिकट निळे पेल ग्रास ब्लू वाढते. पंख मिटले की ते राखाडी दिसते.

हळदीकुंकू : हे उंच झाडांच्या शेंड्याला उडते, कारण याच्या अळ्या झाडांवर वाढणाऱ्या बांडगुळावर जगतात. वरून पांढरे, पण पंख मिटले की खालचा पिवळा रंग आणि कडेचे लाल ठिपके दिसतात. त्यावरूनच हे नाव पडले.

राणी पाकोळी : काळे मखमली पंख, मागच्या पंखावर निळा पट्टा, आणि आकार चांगला मोठा असू शकतो. इंग्रजी नाव ब्लू मॉर्मन. महाराष्ट्राने २०१५ साली हिला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. हिची अळीसुद्धा लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढते. तेव्हा लिंबावरच्या अळीवर औषध मारताना आपण कोणावर मारत आहोत, याचा विचार करावा.

दिवेलागणीला येणारे

संध्याकाळी दिव्याजवळ एखादे मोठे, वाळक्या पानासारखे तपकिरी फुलपाखरू घरात शिरते. काही घरांत त्यावरून शंकाकुशंका निघतात. कोणी अशुभ म्हणते, कोणी गेलेले माणूस भेटायला आले म्हणते. यात काही तथ्य नाही. ते बहुधा इव्हनिंग ब्राउन असते. त्याची अळी भातावर आणि गवतावर वाढते. ते दिवसा पालापाचोळ्यात दडून बसते, तिन्हीसांजेला उडते आणि उजेडाला भुलते. दिवा मालवून खिडकी उघडली की ते आपल्या वाटेने निघून जाते. भीती घालवायला मंत्र लागत नाही, माहिती लागते.

पतंग आणि फुलपाखरू यांत मात्र घोटाळा करू नका. फुलपाखराच्या मिशा टोकाला गाठीसारख्या जाड असतात. पतंगाच्या मिशा पिसासारख्या किंवा नुसत्या दोऱ्यासारख्या असतात. पतंगांच्या काही अळ्यांपासून सांभाळून राहावे लागते. पावसाळ्यात शेवग्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचा जथा बसतो, तो पतंगाचाच. त्याच्या केसांनी अंगाला भयंकर खाज सुटते. त्याला मुलांनी हात लावू नये. साधा नियम असा : केसाळ दिसली की दूर राहा.

खर्च न करता काय करता येईल?

भिंतीच्या फटीत उगवणारी एकदांडी उपटू नका. तिच्या लहानशा फुलावर कितीतरी फुलपाखरे रस प्यायला येतात. झेंडू आणि सदाफुली एका डब्यात लावा. फुटक्या बशीत माती घालून ती ओली ठेवा. ओल्या मातीतले क्षार शोषायला फुलपाखरे बसतात. डबा उन्हात हवा, कारण ऊन लागल्याशिवाय त्यांचे पंख कामाला लागत नाहीत. पाहायची उत्तम वेळ सकाळी आठ ते अकरा. आणि उत्तम दिवस म्हणजे पाऊस ओसरल्यानंतरचे, सप्टेंबर ते नोव्हेंबर.

एवढ्याशा जागेने काय होणार, असे वाटत असेल तर धारावीच्या कडेला मिठी नदीकाठी उभे राहिलेले निसर्ग उद्यान आठवा. त्या जागी एके काळी मुंबईचा कचरा पडत असे. तिथे माती भरली, झाडे लावली, आणि १९९४ साली ते उद्यान लोकांसाठी उघडले. झाडे आली तशी फुलपाखरेही आली. त्यांना कोणी निमंत्रण धाडले नव्हते.

शाळेतल्या मुलांना पर्यावरणाचा प्रकल्प करावा लागतो. पुष्कळ मुले दुकानातून चित्रे आणतात आणि कागदावर चिकटवतात. त्यापेक्षा शंभर पानी वही घ्या. तारीख, वेळ, झाड, आकार, रंग, उडण्याची तऱ्हा, एवढे रोज लिहा. अंडे दिसले तर त्या दिवसापासून मोजायला लागा : अळी कधी निघाली, कात कधी टाकली, कोश कधी झाला, पंख कधी आले. शेजारी चित्र काढा, भले ते वेडेवाकडे असो. घरात मोबाइल असेल तर फोटो घ्या, पण लिहिणे सोडू नका. फोटोत रंग येतो, वागणे येत नाही. विकतच्या चित्रात दुसऱ्याने पाहिलेले असते. तुमच्या वहीत तुम्ही पाहिलेले असेल, आणि विज्ञानात त्यालाच किंमत आहे. त्यासाठी महागडी दुर्बीण लागत नाही आणि मोठे अंगणही लागत नाही. रोज दहा मिनिटे एका जागी स्वस्थ बसण्याची चिकाटी लागते.

या आठवड्यात एवढेच करा. कढीपत्ता किंवा लिंबाच्या रोपाची कोवळी पाने वरून आणि खालून, एकेक करून पाहा. टाचणीच्या डोक्याएवढा पिवळट मणी दिसला तर पान तोडू नका. डब्याला दोरा बांधून खूण करा आणि घरातल्या सर्वांना सांगून ठेवा, नाहीतर फोडणीच्या घाईत तेच पान कढईत जायचे!

पुढील खेपेस : एकाच डब्यात कढीपत्ता आणि मिरची कशी सांभाळावी.